प्रत्येकी सहा मिनिटं

धुळ्यात, गल्ली नंबर पाचमध्ये
खाली सायकलचं दुकान, वर आमचा हॉल.
तिसऱ्या शनिवारी अभियंता मंडळाचं व्याख्यान,
वर्षातून दोनदा वादविवाद,
'सर्वांसाठी खुला' असं फळ्यावर लिहिलेलं.
सर्व म्हणजे अठ्ठावीस माणसं.
त्यातली चार चहासाठी,
आणि एक बडगुजर तात्या,
व्याख्यान भूकंपावर असो की सिमेंटवर
शेवटी उठून पोटखराब्याबद्दलच विचारणारे.

मी वेळ पाळतो.
घंटा म्हणजे जुन्या व्हॉल्व्हचं बिडाचं झाकण,
सुतळीने टांगलेलं, आणि बावीस नंबरचा पाना.
पाचव्या मिनिटाला एक टोला, सहाव्याला दोन.
दोन टोल्यांनंतर कार्यकारी अभियंताही
वाक्य अर्धं सोडून बसतो.
अध्यक्षांना मी एकदा
"शेवटी मला एवढंच" इथे थांबवलंय.
ते एवढंच काय होतं, अजून कोणाला ठाऊक नाही.

त्या शनिवारी विषय:
'फडाचं पाणी आता पाइपातून न्यावं.'
बाजू चिठ्ठीने ठरते, जुना नियम,
कोणी आपल्याच मताच्या प्रेमात पडू नये म्हणून.
खैरनार मॅडमनी स्टीलचा डबा हलवला.
निकुंभ साहेबांनी उचलली: 'विरुद्ध.'

हॉल हसला.
कारण निकुंभ म्हणजे पाइप.
पांझरेकाठच्या नऊ गावांचे पाट बुजवले त्यांनी,
आम्ही दोघांनी; मी तेव्हा त्यांच्या हाताखाली होतो.
गळती त्रेपन्न टक्के, बाष्पीभवन वेगळं,
झोपेतून उठवलं तरी सांगतील.

उठले. चष्मा काढून खिशात ठेवला.
म्हणाले, बंधारा बांधणाऱ्याचं नाव
कुठल्याच टेंडरात सापडत नाही.
म्हणाले, एका फडात सगळ्यांचा ऊस,
दुसऱ्यात सगळ्यांचा गहू;
एकाचा तुकडा हिरवा, शेजारच्याचा पिवळा
अशी सोयच ठेवली नव्हती कोणी.
म्हणाले, पाटकरी पाणी पायाने मोजायचा,
पोटरी बुडाली की चारी भरली.
त्याला आपण मीटर दाखवला.
त्याने मीटर पाहिला,
मग खाली वाकून आपला पाय पाहिला.

एक टोला.

त्यांनी ऐकला नसावा.
सांडव्याखाली एक पोरगा बसायचा, म्हणाले,
जागल्याचा, बापाची भाकरी घेऊन आलेला.
पाणी उतरलं की सांडव्याचा आवाज बदलतो,
त्यावरून तो बापाला उठवायचा.
पाटात मुरूम पडला त्या दिवशी मला विचारतो,
"साहेब, आते माले कसं समजी?"
मी म्हणालो, फोन येईल.

सहा मिनिटं झाली. पाना हातात.
मागून पावबा मिस्त्री पुटपुटला,
"बोलू दे ना भो तेले."
मी पाना मांडीवर ठेवला
आणि घड्याळ पालथं घातलं.
खाली दुकानात कोणीतरी
चाकाचा आऊट काढत होतं;
फिरतं, थांबतं,
परत फिरतं.

मतदान हात वर करून.
पाइप सोळा, फड अकरा, तटस्थ एक, तो मी.
निकुंभ साहेबांचा हात पाइपला.
बडगुजर तात्यांनी काही विचारलं नाही.

जिन्यात मी म्हटलं, साहेब, हे काय होतं?
म्हणाले, चिठ्ठी तशी निघाली.
दोन पायऱ्या उतरून थांबले,
गळती खरीच होती रे. त्रेपन्न. आपणच मोजली.

रात्री इतिवृत्त लिहायला बसलो.
चौतीस वर्षं मोजमाप-पुस्तकं भरली मी,
खडीचा एक ढीग कमी-जास्त लिहिला नाही.
ठेकेदारांनी शिव्या घातल्या, मिठाई पाठवली,
मिठाई परत गेल्यावर पुन्हा शिव्या घातल्या.
'श्री. निकुंभ, विरुद्ध बाजू.'
वेळेच्या रकान्यात लिहिलं: सहा मिनिटं.
सही केली, खाली तारीख.

पुढचा विषय लिफ्टची सुरक्षितता.
फळा अजून पुसायचाय.